बाराशे पन्नासच्या आत : फिनिक्स ते डेन्व्हर, मागे ट्रेलर

दिवस पहिला : फिनिक्स ते फ्लॅगस्टाफ

पहाटे साडेतीनला निघायचं ठरलं होतं, निघेपर्यंत पावणेपाच झाले. जून संपत आलेला. फिनिक्समध्ये या दिवसांत दुपारी पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबात ४३ अंश. लोड घेऊन चढायचं तर उन्हाआधी जेवढं उरकेल तेवढं बरं. दादा माझा मावसभाऊ, यंत्रशाळेत आयुष्य गेलेला माणूस. त्याला डेन्व्हरला बस्तान हलवायचं होतं आणि बस्तान म्हणजे एक लेथ, एक मिलिंग मशीन, दोन कपाटं भरून टूल्स. हे सगळं एका बंद ट्रेलरमध्ये आणि ट्रेलर त्याच्या २००२ च्या डॉज रॅम २५०० मागे. इंजिन ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं कमिन्स, २४५ हॉर्सपॉवरचं. सहा गियर, सगळे हाताने टाकायचे.

पहिला थांबा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलचा. पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांची वजनं तिथे वेगवेगळी मिळतात. ट्रेलर ९,८०० पौंड, सगळं मिळून १७,२००. म्हणजे ७,८०० किलो जवळजवळ. "कागदावर लिहून ठेव," दादा म्हणाला. "पुढे काटा काही बोलायला लागला की आधी हा आकडा बघायचा."

काटा म्हणजे पायरोमीटरचा, इंजिनातून निघणाऱ्या धुराचं तापमान दाखवणारा. विंडशील्डच्या डाव्या खांबावर दोन छोट्या तबकड्या बसवल्यात, एक बूस्टची, म्हणजे टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) हवा किती दाबतोय ते दाखवणारी, आणि एक एक्झॉस्टच्या तापमानाची. दुसरीची तार बॉनेटखाली जाते आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरमधला धूर गोळा करणाऱ्या लोखंडी नळीला, पाडलेल्या बारीक भोकात तिचा थर्मोकपल (तापमान ओळखणारं टोक) घुसवलेला आहे, टर्बोच्या आधी, मागच्या तीन सिलिंडरच्या बाजूला. टर्बोच्या आधी हे महत्त्वाचं. टर्बो फिरवण्यात धुराची उष्णता खर्च होते, त्यामुळे पलीकडे मोजलं तर लोडवर आकडा दोन-तीनशे अंशांनी कमी दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. दोन गाड्यांच्या आकड्यांची तुलना करणारे बहुतेक लोक हे विचारतच नाहीत.

मग किती चालतं? या इंजिनांवर टर्बोच्या आधी १,२५० फॅरनहाइट ही सलग ओढण्याची मर्यादा बहुतेक सगळे मानतात. ते साधारण ६७७ सेल्सिअस. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं. अर्थात धूर तेवढा तापला म्हणून पिस्टन तेवढा तापत नाही. खालून त्याच्यावर तेलाचा फवारा चालू असतो, शिवाय दर फेरीला थंड हवा आत येते. पण दहा-पंधरा मिनिटं सलग तेवढ्या आचेवर ठेवलं की ही उसंत पुरत नाही. धातू वितळायच्या बराच आधी मऊ पडतो. मॅनिफोल्ड वाकतो, तडकतो, टर्बोची पाती भाजतात.

ब्लॅक कॅन्यन सिटी सोडली की आय-१७ महामार्गाचा पहिला घाट लागतो, सनसेट पॉइंटपर्यंत. चालवत मी होते. सपाटीवर सहाव्या गियरमध्ये ताशी ६५ मैलांना काटा ८५० वर आरामात होता, बूस्ट १० पीएसआय (चौरस इंचाला पौंड). चढ लागला तशी मी पेडल दाबत गेले. इंजिन मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर. या इंजिनाची जास्तीत जास्त ओढ त्याच सुमाराला, १,६००च्या आसपास असते, त्यामुळे गाडी कुरकुर न करता ओढत राहते. काटा मात्र १,०५०, १,१००, १,१५०.

"अगं, पाचवा टाक."

पाचव्यात ६० ला फेऱ्या २,२५० च्या घरात गेल्या, आवाज चढला आणि काटा खाली आला. १,०८०. बूस्ट १८ वरून २४. वेग पाचच मैलांनी कमी झाला होता, रस्ता तोच, वजन तेच.

यात जादू काही नाही. चढावर ठरावीक वेगाने एवढं वजन न्यायला ताकद ठरावीकच लागते आणि तिच्यासाठी लागणारं डिझेलही जवळजवळ ठरलेलं. फेऱ्या वाढल्या की तेवढंच डिझेल जास्त फेऱ्यांत वाटलं जातं आणि मिनिटाला आत जाणारी हवा वाढते. टर्बोही जोरात फिरून आणखी हवा कोंबतो. डिझेलमध्ये हवेच्या मानाने इंधन जितकं जास्त तितका धूर गरम. पेट्रोलवर हात बसलेल्यांना हे उलटं वाटतं, कारण तिथे लोडवर जरा जास्त पेट्रोल सोडून इंजिन थंड ठेवतात. इथे काळा धूर दिसला तर समजायचं की डिझेल जास्त झालंय किंवा हवा कमी पडतेय आणि मॅनिफोल्ड लाल व्हायच्या वाटेवर आहे. फेऱ्या वाढल्या की इंजिनावर ताण येतो, हा समज इतका पक्का आहे की कित्येक जण घाटात वरच्या गियरला चिकटून बसतात आणि इंजिन शांत आहे म्हणून खूश असतात.

सनसेट पॉइंटला थांबलो. दादाने किल्लीला हात लावू दिला नाही. तटस्थ गियरमध्ये इंजिन नुसतं चालू ठेवून काटा ३०० च्या खाली यायची वाट बघितली. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल जळून त्याची काळी खरपुडी होते. तीन-चार मिनिटांचा प्रश्न असतो.

ट्रेलर ओढायच्या क्षमतेचे जे आकडे कंपन्या जाहिरातीत देतात त्यांच्यासाठी एसएई जे२८०७ नावाचं मानक आहे. त्याची चढाची परीक्षा याच अ‍ॅरिझोनात, डेव्हिस डॅमजवळच्या घाटावर बेतलेली आहे. अकरा मैलांहून जरा लांब चढ, हवा १०० फॅरनहाइटच्या वर, एसी पूर्ण चालू. मागे एकेक चाक असलेल्या पिकअपने वेग ४० च्या खाली जाऊ द्यायचा नाही, दुहेरी चाकं असतील तर ३५. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनाही घाटात ६५ ची अपेक्षा नाही. मागून हेडलाइट मारणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

कॅम्प व्हर्डेनंतरचा दुसरा चढ जास्त लांब, पण आता पद्धत बसली होती. पाचवा, मग चौथा, उजवी लेन. फ्लॅगस्टाफ ६,९०० फुटांवर. तिथे गार वारा होता आणि आम्ही दुपारीच थांबलो.

दिवस दुसरा : फ्लॅगस्टाफ ते मोॲब

यूएस-८९ उत्तरेला कॅमेरॉनपर्यंत लांबच लांब उतरते. एक्झॉस्ट ब्रेकचं पहिलं खरं काम इथे. टर्बोच्या मागे पाइपात एक झडप बसवलेली आहे. स्विच दाबला की ती जवळजवळ मिटते, धुराला वाट उरत नाही आणि इंजिनच गाडीला मागे खेचतं. पाय पेडलवर नाही म्हणजे डिझेल बंद, त्यामुळे काटा उतरणीवर ४०० च्या खाली लोळत असतो. ब्रेकच्या पॅडना हात लावायची गरज क्वचितच पडली.

ट्युबा सिटीच्या पुढे यूएस-१६० वर वारा समोरून लागला. हे लोकांच्या लक्षात येत नाही, पण बंद ट्रेलरला सपाट रस्त्यावरचा समोरचा वारा म्हणजे एक अदृश्य घाटच. ६० ने जाताना समोरून २० चा वारा असला तर हवेला आपण ८० ने भिडत असतो आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पावणेदोन पटीहून थोडा जास्त. तेवढ्यासाठी काटा वर राहणं समजण्यासारखं होतं. पण तो जरा जास्तच वर होता. सपाटीवर १,०००, आणि लहानशा चढावर १,२०० ला टेकला.

आता गाडी दादाकडे होती. त्याने पायरोकडे एकदा बघितलं आणि मग बूस्टच्या तबकडीकडे बघत राहिला. "वाऱ्यामुळे असेल तर दोन्ही वर जायला हवेत," तो म्हणाला. "बूस्ट कालच्यापेक्षा खाली आहे."

दोन तबकड्या का, याचं उत्तर या एका वाक्यात मिळालं. लोड वाढला तर डिझेल वाढतं, धूर वाढतो, टर्बो जोरात फिरतो, बूस्ट आणि तापमान हातात हात घालून चढतात. तापमान वर आणि बूस्ट खाली असं झालं तर टर्बोने दाबलेली हवा इंजिनपर्यंत पोचत नाहीये, किंवा टर्बोलाच हवा मिळत नाहीये. काल चढावर २४ दिसत होते, आज १६. खिडकी उघडली तर इंजिनच्या आवाजाखाली एक बारीक फुसफुस होती, पेडल दाबलं की वाढणारी.

कायेंटाला पेट्रोल पंपाच्या कडेला बॉनेट उघडलं. आधी एअर फिल्टरच्या डब्यावरचा निर्देशक बघितला. तो ठीक होता, फिल्टर तुंबलेला नव्हता. मग दादाने टॉर्च घेऊन इंटरकूलरचे (टर्बोने दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचे) पाइप एकेक करून तपासले. इंटरकूलरपासून इंजिनकडे जाणाऱ्या पाइपाच्या जोडावर रबरी नळीचा तुकडा असतो, दोन्हीकडून पट्ट्यांनी आवळलेला. वरच्या पट्टीच्या कडेला तेलाची ओलसर रेघ होती आणि तिच्यापासून बाहेरच्या बाजूला, पंख्याच्या आकारात, या भागातली तांबडी वाळू चिकटली होती. हवा कुठून आणि कुठल्या दिशेला फुंकली जात होती, ते धुळीनेच काढून दाखवलं होतं. दादाने नळी अर्धा इंच पुढे सरकवली, कड पुसून कोरडी केली आणि पट्टी सॉकेटने आवळली. बसवून देणाऱ्या गॅरेजचं नाव त्याने घेतलं, ते मी इथे घेत नाही.

पुढच्या चढावर बूस्ट २३, काटा १,०९०.

मॉन्युमेंट व्हॅलीतून यूएस-१६३ ने गेलो. फोटोंसाठी रस्त्याच्या मधोमध उभी राहणारी माणसं आणि मागे साडेचार टनांचा ट्रेलर, हे समीकरण मला फारसं रम्य वाटलं नाही. माँटिचेलोला पुन्हा सात हजार फूट, आणि तिथून मोॲबला उतार.

दिवस तिसरा : मोॲब ते ग्लेनवूड स्प्रिंग्ज

सोपा दिवस. क्रेसेंट जंक्शनला आय-७० धरली, ग्रँड जंक्शन, मग कोलोरॅडो नदीच्या काठाकाठाने रायफल. चढ इतका हळू की काटा ९०० ओलांडत नव्हता.

सांगण्यासारखं एकच. ग्रँड जंक्शनला डिझेल भरताना शेजारी एक नवाकोरा वन-टन पिकअप होता, मागे भलामोठा फिफ्थ-व्हील कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडलेलं चाकांवरचं घर. मालक आमच्या तबकड्या बघून गप्पा मारायला आला. त्याच्या स्क्रीनवर सपाटीवर अचानक हजाराच्या वरचे आकडे दिसले होते आणि तो घाबरला होता. दादाने त्याला विचारलं, तेव्हा फिल्टरची सफाई चालू असल्याचा संदेश आला होता का? आला होता.

अमेरिकेत २००७ पासूनच्या डिझेल पिकअपना काजळीचा फिल्टर असतो. त्यात काजळी साठली की संगणक थोडं जादा डिझेल सोडून धूर मुद्दाम तापवतो आणि ती जाळून टाकतो. तो आकडा टर्बोच्या पलीकडचा, फिल्टरजवळचा असतो. पिस्टनशी त्याचा संबंध नाही. जड ट्रेलर घेऊन घाट चढताना धूर आपोआपच एवढा गरम असतो की बरीचशी काजळी वाटेतच जळते. म्हणजे लोड ओढणं त्या फिल्टरला मानवतं. त्याला त्रास होतो तो गावात दोन-दोन मैलांच्या फेऱ्या मारून. शिवाय धूर फारच तापला तर नव्या गाडीचा संगणक स्वतःच डिझेल कमी करतो. आमच्या गाडीत ते काम उजव्या पायाचं.

जाता जाता त्याने विचारलं, तुमच्याकडे ताकद वाढवायचा ट्यूनर नाही का? होता. दादाने फिनिक्समध्येच काढून टूलच्या कपाटात टाकला होता. ट्यूनर बहुतांशी जादा डिझेल सोडतो, हवा तेवढीच. मोकळ्या गाडीला दहा सेकंदांची मजा म्हणून ठीक आहे. घाटात वीस मिनिटं पेडल दाबून ठेवायचं असेल तर तीच मजा मॅनिफोल्डमध्ये जमा होते.

दिवस चौथा : ग्लेनवूड स्प्रिंग्ज ते डेन्व्हर

खरा पेपर आजचा. ग्लेनवूड स्प्रिंग्ज ५,७६० फुटांवर, व्हेल पास १०,६६२ आणि आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८. मधे पुन्हा उतार, म्हणजे कमावलेली उंची घालवून परत कमवायची.

सकाळी ग्लेनवूड कॅन्यनमधून निघालो. इथला महामार्ग १९९२ मध्ये पूर्ण झाला. नदी, रेल्वे आणि दोन मजली रस्ता एवढ्याशा खिंडीत मावलेत आणि तरी दरी दबलेली वाटत नाही. असं काम फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं. चढ नावालाच.

व्हेल गाव ओलांडलं की रस्ता उभा होतो. मी चालवत होते आणि दादाने एकच नियम घालून दिला होता: काटा १,१०० ला आला की गियर बदलायचा, १,२०० ला विचार करत बसायचं नाही. कारण वेग एकदा पडला की खालच्या गियरमध्येही तो परत मिळवायला जादा डिझेल लागतं आणि काटा आणखी चढतो. घाट सुरू व्हायच्या आधीच पाचवा, पहिल्या वळणाला चौथा. ४५ ला २,३५० फेऱ्या. काटा १,१२० वर स्थिरावला. उजव्या लेनमध्ये मोठे ट्रक याहून हळू चालले होते. त्यांच्या मागे राहायला मला काही कमीपणा वाटला नाही.

पाण्याच्या तापमानाचा काटा अर्ध्या चढापर्यंत जागचा हलला नव्हता. त्याच्यावर विसंबणारे इथेच फसतात. एवढं पाणी, एवढं लोखंड तापायला वेळ लागतो, म्हणून तो काटा पाच-दहा मिनिटांपूर्वीची हकीकत सांगतो. पायरो आत्ताची सांगतो. पेडल अर्धा इंच सोडलं की दहा सेकंदांत शंभर अंश खाली. वरच्या टप्प्यात पाणी २०५ फॅरनहाइट झालं आणि रेडिएटरचा पंखा क्लच पकडून गरजायला लागला. हा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी तुटल्यासारखा वाटतो.

व्हेल पास उतरून कॉपर माउंटन, फ्रिस्को, डिलनचा जलाशय, सिल्व्हरथॉर्न. आणि तिथून बोगद्यापर्यंतचा चढ. लांबी आठ-नऊ मैल, सुरुवातच नऊ हजार फुटांच्या आसपास.

इथे उंचीचं गणित सोडवतं ते बूस्ट. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, अकरा हजार फुटांवर जेमतेम ९.७. बूस्टची तबकडी बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवते. म्हणजे २५ चा आकडा खाली दिसला तर सिलिंडरपाशी ३९.७ आणि इथे दिसला तर ३४.७. तबकडी तीच, हवा आठवा हिस्सा कमी. शिवाय तेवढं साधायला टर्बोला खाली हवा २.७ पट दाबावी लागते, इथे साडेतीन पटीहून जास्त. जास्त दाबलेली हवा जास्त तापते आणि विरळ वारा इंटरकूलरला ती नीट गारही करू देत नाही. म्हणून ब्लॅक कॅन्यनच्या ११० च्या उन्हात जमलेलं इथल्या गार हवेत जमेनासं होतं.

चौथ्यात ४५ ला काटा १,१८०. मग १,२१०. पेडल थोडं सोडलं, वेग ४०, काटा १,१९० ला अडून बसला. फेऱ्या आता २,१००, बूस्टही उतरायला लागला.

"तिसरा टाकू?"

"तुला काय वाटतं?"

तिसरा टाकला. ३५ ला २,७०० फेऱ्या. इंजिन किंचाळतंय असं वाटत होतं, आणि काटा १,१४० ला येऊन थांबला. मागे गाड्यांची रांग डाव्या लेनमधून सुटत गेली. दादा एका शब्दानेही बोलला नाही, आणि त्याच्या बाबतीत ती शाबासकीच असते.

पूर्वेकडे जाणारा बोगदा जॉन्सनच्या नावाचा, १९७९ मध्ये उघडलेला. पश्चिमेकडे जाणारा आयझेनहॉवर त्याच्या सहा वर्षं आधीचा. लांबी सुमारे १.७ मैल. बाहेर पडल्याबरोबर लव्हलँडच्या फाट्यावर मोकळी जागा आहे आणि तिथे बॉनेट उघडून इंजिन बंद केलेल्या दोन-तीन गाड्या उभ्या होत्या. चढ संपला, आता विश्रांती, हे माणसाच्या मनाला पटतं. पण टर्बो सगळ्यात तापलेला असतो तो नेमका इथेच. आम्ही थांबलो नाही. चौथा गियर, एक्झॉस्ट ब्रेक चालू, आणि जॉर्जटाउनच्या दिशेने उतार. दोन मैलांत काटा ४०० च्या खाली, पाण्याचा काटा हळूहळू आपल्या जागी, पंखा गप्प. जॉर्जटाउनला थांबलो तेव्हा ३०० ची वाट बघावीच लागली नाही, लगेच किल्ली फिरवली. खाली उतरून ट्रेलरच्या चाकांजवळ हात नेला. ब्रेक कोमट होते. शेजारच्या एका कॅम्परच्या चाकांतून मात्र जळका वास येत होता.

संध्याकाळी डेन्व्हरला लेथ उतरवायला फोर्कलिफ्ट मिळाली. दादाची यादी तयार आहे: इंटरकूलरच्या चारही रबरी नळ्या बदलून सिलिकॉनच्या, पायरोला १,२०० वर वाजणारा भोंगा. मोठा टर्बो टाकावा का, यावर आमचं जमलं नाही. माझं म्हणणं, तिसरा गियर फुकट आहे. त्याचं म्हणणं, ३५ ने जाताना सायकलवाले मागे टाकतात. ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, मोजमापाची सपाट शिळा, अजून फिनिक्सलाच आहे, ती आणायला पुन्हा जायचंय. तोपर्यंत टर्बोचा निकाल लागलेला असेल.